संकेतस्थळाच्या एपीआयची चाचणी ब्राउझरमधून: कन्सोल कसा उभारावा?

डिचोलीकर

नमस्कार मंडळी. डिचोली, सत्तरी आणि पेडणे तालुक्यांतल्या जत्रा, काले, नाट्यप्रयोग आणि भजनी सप्ताह यांची माहिती एका ठिकाणी ठेवणारं संकेतस्थळ आम्ही काही जण मिळून चालवतो. हल्ली फोनवरचं ॲप आणि काही मंडळांची स्वतःची संकेतस्थळं हीच माहिती मागू लागली, म्हणून एपीआय काढला, म्हणजे एका प्रोग्रामला दुसऱ्याकडून माहिती मागायची ठरावीक वाट. गावाचं नाव दिलं की तिथले कार्यक्रम येतात, तारीख दिली की त्या दिवशीचे येतात. ज्यांच्याकडे टोकन (परवानगीची गुप्त किल्ली) आहे त्यांना नवी नोंद घालता येते, जुनी बदलता येते.

या एपीआयची चाचणी घ्यायला ब्राउझरमध्ये चालणारा कन्सोल हवा आहे, म्हणजे ज्यातून विनंती पाठवून उत्तर पाहता येईल असं पान. प्रोग्रामरांकडे टर्मिनल आहे, त्यांचं काही अडत नाही. माझ्या डोळ्यांसमोर वेगळी माणसं आहेत. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका पंचांगावरून तिथ्या तपासतात. एक जण नाट्यमंडळांच्या तारखा सांभाळतात. वाळपईकडचे एक ग्रंथपाल गावांची नावं नीट लिहिली आहेत का ते पाहतात. शिरगावची लईराई देवीची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला असते. ती तिथी २०२४ मध्ये १२ मेला आली, २०२५ मध्ये २ मेला. एपीआयनं यात एका दिवसाची चूक केली तर प्रोग्रामरला ती दिसणार नाही. उत्तराचा कोड २०० (सगळं ठीक) आला, जेसन, म्हणजे उत्तरातल्या माहितीची मांडणी, नीट आहे, म्हणजे त्याच्या लेखी चाचणी पार पडली. चूक ओळखणार तिथी माहीत असलेली व्यक्ती. तिच्यापर्यंत चाचणी पोचवायची तर दुवा उघडला की काम सुरू, असं साधन पाहिजे. काही इन्स्टॉल करा म्हटलं की तिथंच सगळं थांबतं.

आतापर्यंत केलं ते असं. एपीआयचं वर्णन ओपनएपीआय ३.० या प्रमाणित पद्धतीनं यामल नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलं. अशा फाइलवरून चाचणीचं पान बनवणाऱ्या स्वॅगर यूआयचं तयार फोल्डर उतरवून घेतलं आणि त्यातल्या इनिशियलायझर फाइलमध्ये नमुन्याच्या पेटस्टोअरचा पत्ता होता तिथं आमच्या फाइलचा पत्ता घातला. ते माझ्या लॅपटॉपवर छोट्या लोकल सर्व्हरवरून चालवतो. पान सुंदर दिसतं, सगळे एंडपॉइंट (एपीआयचे विनंती घेणारे पत्ते) यादीत येतात. पण ‘ट्राय इट आउट’ करून ‘एक्झिक्यूट’ दाबलं की ‘फेल्ड टु फेच’. त्याच पानावर खाली कर्लची (टर्मिनलमधून विनंती पाठवणाऱ्या साधनाची) जी आज्ञा छापून येते ती टर्मिनलमध्ये चिकटवली की उत्तर लगेच मिळतं! कोणाला अनुभव असेल तर सविस्तर सांगा, प्लीज.

पाटो

कर्ल चालतं आणि ब्राउझर अडवतो, म्हणजे कारण कॉर्स, वेगळ्या पत्त्यावरचं उत्तर पानाला वाचू देण्याबाबतचा ब्राउझरचा नियम. जवळपास खात्रीनं.

ब्राउझरच्या हिशेबात ओरिजिन म्हणजे योजना (एचटीटीपी की एचटीटीपीएस), होस्ट आणि पोर्ट हे तिन्ही मिळून. तुमचा कन्सोल लोकलहोस्टच्या ८००० पोर्टवर आणि एपीआय तिकडे सर्व्हरवर, म्हणजे दोन वेगळी ओरिजिनं. एका ओरिजिनच्या पानावरच्या जावास्क्रिप्टला दुसऱ्या ओरिजिनचं उत्तर वाचायचं असेल तर दुसऱ्यानं हेडरमधून (विनंती-उत्तराबरोबर जाणाऱ्या माहितीच्या ओळीतून) तशी परवानगी द्यावी लागते. त्या हेडरचं नाव ॲक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन. हा नियम ब्राउझर पाळतो. कर्लला त्याच्याशी देणंघेणं नाही, म्हणून तिथं चालतं.

आता नेमकं कुठं अडतंय ते पाहा. एफ१२ दाबून नेटवर्क टॅब उघडा आणि ‘एक्झिक्यूट’ करा. तुमच्या विनंतीत ऑथोरायझेशन हेडर आहे किंवा मजकूर ॲप्लिकेशन/जेसन प्रकारचा आहे, तर ब्राउझर आधी ऑप्शन्स पद्धतीची एक विचारणा पाठवतो. तिला प्रीफ्लाइट म्हणतात. या विचारणेबरोबर टोकन जात नाही. पुष्कळ सर्व्हरांवर लॉगिनची तपासणी सगळ्यात आधी बसवलेली असते. ती टोकन नसलेल्या विचारणेला ४०१ (ओळख पटली नाही) देऊन परत पाठवते आणि ब्राउझर खरी विनंती पाठवतच नाही. उपाय सोपा: ऑप्शन्सचं उत्तर लॉगिन तपासणीच्या आधी द्या.

दुसरी जागा जास्त फसवी आहे. इंजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये ॲड-हेडर वापरून कॉर्सची हेडरं घातली तर ती २००, २०१, ३०२ अशा ठरावीक कोडांवरच लागतात. ४०४ (सापडलं नाही) किंवा ५०० (सर्व्हरची चूक) आलं की गळतात. मग सर्व्हरमध्ये खरं तर डेटाबेसची चूक झालेली असते आणि ब्राउझर मात्र कॉर्सच्या नावानं ओरडतो. माणूस तासन्‌तास भलतीकडेच शोधत बसतो. त्या ओळीच्या शेवटी ‘ऑल्वेज’ हा शब्द घाला, मग चुकीचा खरा कोड दिसेल.

आणखी एक, पुढे लागेलच. एकूण नोंदी किती हे तुम्ही एखाद्या वेगळ्या हेडरमधून देत असाल, तर ॲक्सेस-कंट्रोल-एक्स्पोज-हेडर्समध्ये त्या हेडरचं नाव लिहा. नाहीतर सर्व्हर पाठवतो, पण कन्सोलमध्ये ते दिसतच नाही.

मांडवीकाठ

पाटो यांचं सगळं बरोबर आहे, पण डिचोलीकर, तुम्हाला इतक्या खोलात जायची गरज पडू नये. कन्सोल आणि एपीआय एकाच ओरिजिनवर ठेवा. एपीआय ज्या पत्त्यावर आहे त्याच्याच खाली एक फोल्डर करून त्यात स्वॅगर यूआय टाका. सगळ्या स्थिर फाइली आहेत, वेगळं काही चालवावं लागत नाही. योजना, होस्ट, पोर्ट तिन्ही एकच, की कॉर्सचा प्रश्नच उरत नाही.

पण हे खऱ्या संकेतस्थळावर करू नका. कन्सोल तिथं ठेवला आणि तुमचा एखादा कार्यकर्ता त्याच ब्राउझरमध्ये व्यवस्थापक म्हणून लॉगिन झालेला असला, तर त्याची कुकी प्रत्येक विनंतीबरोबर आपोआप जाते. त्याला वाटतं आपण चाचणी घेतोय, आणि ‘डिलीट’वरचं ‘एक्झिक्यूट’ खरी नोंद पुसून टाकतं. या कन्सोलमधलं बटण खरोखर काम करतं, हे नव्या माणसाच्या लक्षात येत नाही, कारण पान दिसतं माहितीपत्रकासारखं.

म्हणून चाचणीसाठी वेगळा उपपत्ता (सबडोमेन) घ्या, वेगळा डेटाबेस ठेवा. खऱ्या डेटाची प्रत काढताना मंडळांच्या संपर्काचे फोन नंबर, ईमेल सगळे पुसून खोटे भरा. आणि एक्स-रोबोट्स-टॅग या हेडरमध्ये नोइंडेक्स ठेवा. चाचणीतल्या खोट्या तारखा गूगलवर आल्या आणि लोक भलत्याच रात्री जत्रेला गेले, असं व्हायला नको.

कुळागर

एवढा खटाटोप कशाला? ब्राउझरमध्ये एफ१२ दाबलं की कन्सोल असतोच. एपीआयचंच एखादं पान उघडायचं, कन्सोलमध्ये जावास्क्रिप्टच्या फेच या आज्ञेच्या चार ओळी लिहायच्या, उत्तर समोर. कॉर्सही लागत नाही कारण पान त्याच ओरिजिनचं. मी वर्षानुवर्षं असंच करतो. यामल फाइल सांभाळणं हे वेगळंच काम होऊन बसतं: एपीआय बदलला आणि फाइल बदलायची राहिली, की कन्सोल खोटं सांगायला लागतो.

डिचोलीकर

कुळागर, यामल आणि एपीआय यांची फारकत होते हा मुद्दा मान्य. पण फेचच्या चार ओळी आमच्या बाईंना लिहायला सांगणं म्हणजे त्यांना या कामातून बाहेर ठेवणं. त्यांना संगणक येत नाही असं नाही, ईमेल, व्हॉट्सॲप, मराठी टायपिंग सगळं उत्तम करतात. त्यांना पाहिजे एक रकाना, त्यात गावाचं नाव आणि एक बटण. स्वॅगर यूआय नेमकं तेवढंच देतं.

मांडवीकाठ, तुमच्या सल्ल्याप्रमाणे चाचणीचा उपपत्ता काढला, कन्सोल आणि एपीआय एकत्र ठेवले. ‘फेल्ड टु फेच’ गेलं. देव बरें करूं!

आता पुढचा अडथळा. जागा उघडी राहू नये म्हणून पूर्ण उपपत्त्यावर वेब सर्व्हरचा साधा पासवर्ड लावला, ब्राउझर चौकट उघडून नाव आणि पासवर्ड विचारतो तो. पान उघडतं, कार्यक्रम वाचता येतात. पण कन्सोलमध्ये ‘ऑथोराइझ’ करून टोकन घातलं की प्रत्येक विनंतीला ४०१. टोकन काढलं की वाचन परत सुरू. टोकन बरोबर आहे, कर्लनं तपासलं.

पाटो

पासवर्ड आणि टोकन यांचं भांडण एकाच हेडरवरून आहे. वेब सर्व्हरचा साधा पासवर्ड ऑथोरायझेशन हेडरमधून जातो, बेसिक या नावानं. तुमचं टोकनही त्याच हेडरमधून जातं, बेअरर या नावानं. हेडर एक, त्यात एकच बसणार. कन्सोलनं बेअरर घातलं की बेसिक बाहेर, आणि वेब सर्व्हर दारातच ४०१ देतो. तुमच्या एपीआयपर्यंत विनंती पोचतच नाही.

पासवर्ड फक्त कन्सोलच्या फोल्डरवर ठेवा, एपीआयच्या मार्गावरून काढा. एपीआयला स्वतःचं टोकन आहेच. किंवा टोकनसाठी एक्स-एपीआय-की असं वेगळं हेडर ठरवा आणि यामलमध्ये सिक्युरिटी-स्कीम्सखाली एपीआय-की प्रकार लिहा. पहिला मार्ग बरा, कारण खऱ्या ॲपलाही तसंच चालतं आणि चाचणी खऱ्यासारखी राहते.

एक सांगून ठेवतो. काही जण ऑथोरायझेशन हे साधं हेडर पॅरामीटर म्हणून यामलमध्ये लिहितात. ओपनएपीआय ३ मध्ये ॲक्सेप्ट, कंटेंट-टाइप आणि ऑथोरायझेशन या नावांचे हेडर पॅरामीटर दुर्लक्षित करायचे असाच नियम आहे. पानावर रकाना आला तरी त्यात लिहिलेलं जाणार नाही. ते सिक्युरिटी-स्कीम्समध्येच लिहावं लागतं.

पीएचपी भाषेतला कोड अपाची या वेब सर्व्हरवर सीजीआय किंवा फास्टसीजीआय पद्धतीनं चालत असेल तर आणखी एक गोष्ट तपासा: अपाची ऑथोरायझेशन हेडर पीएचपीपर्यंत पोचू देत नाही. सीजीआय-पास-ऑथ चालू करावं लागतं, अपाची २.४.१३ पासून ती सोय आहे.

सत्तरीची वाट

मी महाविद्यालयात शिकवते, विद्यार्थ्यांना एपीआय दाखवायला हे प्रकार सतत वापरते. स्वॅगर यूआयखेरीज हॉपस्कॉच बघा. मुक्त स्रोत आहे, २०१९ मध्ये सुरू झालं, आधी त्याचं नाव पोस्टवुमन होतं. ते नुसतं पान आहे, उघडलं की विनंती पाठवता येते, यामलही लागत नाही.

मात्र एक काळजी घ्या, आणि ही सगळ्यांसाठीच सांगते. अशा साधनांत कॉर्स टाळायला मधला प्रॉक्सी वापरायची सोय असते. म्हणजे तुमची विनंती, टोकनसकट, दुसऱ्या कोणाच्या तरी सर्व्हरमधून जाते. सार्वजनिक वाचनाच्या एपीआयला हरकत नाही. लिहिण्याचं टोकन घालून हे कधीही करू नका. ब्राउझरचं एक्स्टेंशन वापरा, किंवा मांडवीकाठ म्हणतात तसं एकच ओरिजिन ठेवा.

तसंच स्वॅगर यूआयमध्ये व्हॅलिडेटर-यूआरएल नावाची सेटिंग आहे. ती काहीच न बदलता ठेवली तर यामल शुद्ध आहे का ते तपासायला बाहेरच्या ऑनलाइन सेवेला विचारलं जातं आणि पानाच्या तळाशी एक बिल्ला दिसतो. चाचणीचा पत्ता बाहेर कळू नये असं वाटत असेल तर ती सेटिंग नल (रिकामी) करा.

आवृत्तीकडेही लक्ष असू द्या. ओपनएपीआय ३.१ ही २०२१ ची, पण स्वॅगर यूआयला ती कळू लागली पाचव्या आवृत्तीपासून, २०२३ मध्ये. जुनं फोल्डर आणि नवी यामल असली की पान उघडतं आणि आत ‘हे दाखवता येत नाही’ एवढंच येतं. विद्यार्थी यामलमध्ये चूक शोधत बसतात.

पंचांगवाचक

डिचोलीकरांनी वर उल्लेख केलेली शिक्षिका ती मी. त्यांनी दुवा आणि पासवर्ड पाठवला, त्यावर काम केलं. जे आढळलं ते इथंच लिहिते, म्हणजे जाणकारांना कारण सांगता येईल.

पहिलं: ‘१ तारखेचे कार्यक्रम’ मागितले की त्यातला दिवसभराचा सप्ताह येत नाही. तो ‘आदल्या तारखेला’ मागितला की येतो. वेळ दिलेल्या कार्यक्रमांचं असं होत नाही, फक्त ज्यांना वेळ नाही, नुसती तारीख आहे, त्यांचंच होतं.

दुसरं: शोधाच्या रकान्यात ‘दुसऱ्या दिवसाचा काला’ लिहिलं तर काही नोंदी सापडतात, काही सापडत नाहीत. डोळ्यांना दोन्हीकडचं अक्षर न्‌ अक्षर सारखं दिसतं.

तिसरं: तालुक्याच्या यादीत धारबांदोडा नाही. यादी ११ तालुक्यांची आहे, गोव्यात तालुके १२ आहेत. तिथला कार्यक्रम घालायला गेलं की चूक येते.

चौथं माझ्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचं. काल्याचं किंवा जत्रेतलं नाटक पुष्कळदा मध्यरात्रीनंतर उभं राहतं. पत्रिकेवर छापलेलं असतं ‘दि. २ रोजी रात्री १ वाजता’. गावात प्रत्येकाला कळतं की २ तारखेची संध्याकाळ उलटल्यावरची ही रात्र. एपीआय मात्र ते २ तारखेच्या पहाटेचा १ समजतो, म्हणजे जत्रेच्या आदल्या रात्रीचा. लोक एक रात्र आधी येतील आणि रिकामं मैदान बघतील.

आणि तिथीवरून तारीख आपोआप काढू नये अशी माझी विनंती आहे. सूर्योदयाला जी तिथी ती त्या दिवसाची, हा सर्वसाधारण नियम. पण संकष्टी चंद्रोदयावर ठरते, गणेश चतुर्थी मध्यान्हावर. तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते. शिवाय अधिक महिना आहे: २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. नुसतं ‘श्रावण’ म्हणून शोधलं तर दोन्ही श्रावण एकत्र येतात, आणि उत्सव असतो निज महिन्यात. देवस्थानानं ठरवलेली तारीख लिहावी, तिथी तिच्या शेजारी माहितीसाठी असावी, आणि अधिक की निज याचा वेगळा रकाना असावा.

डिचोलीकर

बाईंनी जे एका बैठकीत शोधलं त्यातलं एकही आमच्या स्वयंचलित चाचण्यांत सापडलं नव्हतं. मी जे म्हणत होतो ते हेच.

तालुक्यांची यादी लगेच दुरुस्त केली. डेटा मुळात धारबांदोडा वेगळा होण्याआधीच्या एका यादीवरून भरलेला होता. बाकीच्यांची कारणं पाटो किंवा कोणी सांगाल का?

पाटो

पंचांगवाचक बाई, इतकं नेमकं निरीक्षण पगार घेणारे परीक्षकही लिहीत नाहीत. मनापासून आभार.

१ तारखेचा सप्ताह मागं सरकण्याचं कारण: नुसती तारीख कुठं तरी ‘मध्यरात्र’ म्हणून वेळेत बदलली जाते आणि यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठवली जाते. आपली वेळ यूटीसीपेक्षा साडेपाच तास पुढं. म्हणजे १ तारखेची मध्यरात्र ही यूटीसीत आदल्या दिवशीची १८:३०. तारीख तेवढीच कापून घेतली की कार्यक्रम आदल्या दिवशी जातो. संध्याकाळच्या ७ चा कार्यक्रम यूटीसीत १३:३० होतो, दिवस तोच राहतो, म्हणून ते नीट दिसतात. ज्यांना वेळच नाही त्यांची तारीख निव्वळ तारीख म्हणून साठवा. यामलमध्ये त्या रकान्याचा फॉरमॅट ‘डेट’ ठेवा, ‘डेट-टाइम’ नको.

याच्याच शेजारची एक गंमत कन्सोलमध्ये कळत नाही, पण ॲपमध्ये चावते. वेळेच्या शेवटी अधिक ०५:३० असं लिहून ते पत्त्यातल्या क्वेरीत (प्रश्नचिन्हानंतरच्या भागात) पाठवलं, तर अधिकचं चिन्ह सर्व्हरला मोकळी जागा म्हणून मिळतं. स्वॅगर यूआय ते आपण होऊन एन्कोड करतं, ॲप लिहिणारा कधीकधी करत नाही. म्हणून कन्सोलमध्ये चाललं म्हणजे सगळीकडे चाललं असं धरू नका. खाली छापून येणारा पत्ता ॲपवाल्याला जसाच्या तसा दाखवा.

‘दुसऱ्या’चं कारण मराठी लिहिणाऱ्यांनी माहीत करून घ्यावं असं आहे. ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये एक चिन्ह म्हणूनही लिहिता येतं, आणि र अधिक नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असंही. शिवाय ‘ऱ्य’ काढायला काही कीबोर्ड र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असे तीन तुकडे टाकतात. लिहिण्याचे हे तिन्ही प्रकार पडद्यावर सारखेच दिसतात, संगणकाला तीन वेगळे शब्द. पहिले दोन एनएफसी या प्रमाणीकरणानं एक होतात. तिसरा त्यानं होत नाही, त्यासाठी स्वतः बदल लिहावा लागतो. साठवताना आणि शोधताना, दोन्ही ठिकाणी हे करा. एकाच ठिकाणी केलं तर नुकसानच.

लांबीची मर्यादा कुठं घातली असेल तर तीही तपासा. ‘म्हापसा’ डोळ्यांना तीन अक्षरं, युनिकोडमध्ये सात चिन्हं, यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट. गावाच्या नावाला ‘२० बाइट’ अशी मर्यादा कोणी घातली असेल तर म्हापसाच बाहेर!

मांडवीकाठ

मध्यरात्रीनंतरच्या नाटकाचा प्रश्न मात्र टाइमझोननं सुटणारा नाही. तिथं दोन रकाने लागतील: ‘उत्सवाचा दिवस’ आणि ‘सुरू होण्याची वेळ’. पहिला २ तारीख, दुसरा ३ तारीख ०१:००. शोध पहिल्यावर चालवा, सूचना दुसऱ्यावरून पाठवा. आणि ॲपमध्ये छापताना पत्रिकेतलीच भाषा ठेवा, ‘२ तारखेच्या रात्री १ वाजता’. आमच्या पेडण्यात दशावतारी नाटकांचंही असंच असतं, पहाटेपर्यंत चालतात.

कुळागर

बाईंची यादी वाचली. फेचच्या चार ओळींचा माझा आग्रह सोडतो. तो मी माझ्यापुरता ठेवीन. पण यामल आणि एपीआय वेगळे पडण्याची भीती कायम आहे. त्यावर एक करता येईल: यामल हातानं लिहू नका, कोडमधूनच तयार होऊ द्या. पीएचपीत कोडमधल्या ॲट्रिब्यूटवरून ती फाइल बनवणारी साधनं आहेत. हातानंच लिहायची असेल, तर निदान प्रत्येक बदलानंतर सर्व्हरचं खरं उत्तर यामलमधल्या स्कीमाशी (उत्तराच्या ठरलेल्या रचनेशी) ताडून पाहणारी एक चाचणी लावा.

आणि डिलीट. खऱ्या संकेतस्थळावर कधी कन्सोल ठेवायची वेळ आलीच, इतर मंडळांना दाखवायला वगैरे, तर स्वॅगर यूआयच्या सपोर्टेड-सबमिट-मेथड्स या सेटिंगमध्ये फक्त गेट (वाचनाची विनंती) ठेवा. मग बाकीच्या पद्धतींना ‘ट्राय इट आउट’ बटणच येत नाही. एवढ्यानं सुरक्षा झाली असं मात्र समजू नका. बटण लपलं तरी विनंती कोणीही पाठवू शकतो. कोणतं टोकन काय करू शकतं हे सर्व्हरनंच ठरवायला हवं.

सत्तरीची वाट

टोकनचा विषय निघालाच आहे तर, पर्सिस्ट-ऑथोरायझेशन ही स्वॅगर यूआयची सेटिंग बंदच ठेवा. चालू केली तर टोकन ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये राहतं, पान बंद करून पुन्हा उघडलं तरी. ग्रंथालयातल्या किंवा मंडळाच्या सामायिक संगणकावर पुढचा माणूस तुमच्या नावानं नोंदी बदलू शकेल. ज्याच्या त्याला वेगळं आणि थोड्या काळाचं टोकन द्या. व्हॉट्सॲपवर पडद्याचं छायाचित्र टाकताना खालची कर्लची ओळ कापा, टोकन त्यात पूर्ण छापलेलं असतं.

पंचांगवाचक

आणखी एक मागणी आहे, जमली तर. पॅरामीटरच्या रकान्यांशेजारी इंग्रजीत ‘स्ट्रिंग’ एवढंच येतं. माझ्यासारख्या माणसाला तिथं काय लिहायचं ते कळत नाही. गावाच्या रकान्यात ‘शिरगाव’, महिन्यात ‘वैशाख’, असं भरलेलं येईल का? आणि शेजारी मराठीत एक ओळ, काय लिहावं याची.

ग्रंथपालांचं म्हणणंही इथंच घालते: साखळी, डिचोली, पेडणे, फोंडा यांची सरकारी कागदांतली जुनी पोर्तुगीज वळणाची रूपंही शोधात चालायला हवीत, कारण बाहेरगावचे भाविक नकाशावर वाचलेलं तेच रूप लिहितात.

डिचोलीकर

बाई, दोन्ही होईल. उदाहरणं यामलमध्ये ‘एक्झाम्पल’ या ओळीत लिहिली की स्वॅगर यूआय रकाना त्यानंच भरतं, आणि ‘डिस्क्रिप्शन’ पूर्ण मराठीत लिहिता येतं. ती वर्णनं तुम्हीच लिहून द्या, मी फाइलमध्ये घालतो. गावांच्या पर्यायी नावांसाठी वेगळं कोष्टक करतोय. ग्रंथपालांची यादी आली की भरतो.

आतापर्यंत झालेलं: पासवर्ड फक्त कन्सोलच्या फोल्डरवर, टोकन एपीआयवर. व्हॅलिडेटर बंद, टोकन साठवणं बंद. नुसत्या तारखेच्या रकान्यांचा फॉरमॅट बदलला, सप्ताह आपल्या जागी आले. ‘दुसऱ्या’ची तिन्ही रूपं आता एकाच शोधात येतात. ‘उत्सवाचा दिवस’ हा नवा रकाना घातला आहे, पण जुन्या नोंदींत मध्यरात्रीनंतरच्या वेळा कोणत्या अर्थानं भरल्या होत्या हे नोंद पाहून कळत नाही. त्या पत्रिकांशी ताडूनच पाहाव्या लागतील. डिचोली आणि सत्तरीच्या पत्रिका आमच्याकडे आहेत. पेडण्याच्या बऱ्याच नाहीत. मांडवीकाठ, तुमच्या ओळखीच्या मंडळांकडे जुन्या पत्रिका असतील तर फोटो पाठवाल का? कन्सोलचा पासवर्ड तुम्हाला खासगी निरोपातून देतो, म्हणजे तिकडच्या नोंदी तुम्हीच तपासू शकाल.

मांडवीकाठ

पाठवा. पार्से आणि मोरजीकडच्या पत्रिका आमच्या घरात आहेत, बाकीच्यांसाठी मंडळांना विचारतो. सुरुवात रात्री १२ ते ५ मधल्या नोंदींपासून करतो, गोंधळ तिथंच असणार. तेवढ्याच वेळा गाळून देणारा एखादा पॅरामीटर वाचनाच्या एंडपॉइंटला घातलात तर काम लवकर होईल.

डिचोलीकर

घातला. कन्सोलमध्ये ‘वेळ-पासून’ आणि ‘वेळ-पर्यंत’ असे दोन नवे रकाने दिसतील, उदाहरण म्हणून ००:०० आणि ०५:०० भरलेलं आहे.